पंख्यातली ज्वारी

कुंदन वलगावचा. घरची थोडी काळी जमीन, तिच्यात झेंडू, फुलकोबी आणि वांगी. आमची ओळख अमरावतीत कॉलेजात झाली. मी मराठी घेऊन एम. ए. झालो. तो दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं लाइट धरायला लागला. पुढं त्यानं स्वतःचा कॅमेरा घेतला. त्याच्याही पुढं मॉनिटर घेतला. कॅमेरा घेतल्याचं त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. मॉनिटर घेतला तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला.

मॉनिटर म्हणजे वहीएवढा पडदा. कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्याच्यावर दिसतं, भर उन्हातसुद्धा. सिनेमाच्या सेटवर दिग्दर्शक ज्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतो तो हाच. कुंदनचा मॉनिटर नुसता दाखवत नाही, रेकॉर्डही करतो. त्याच्या पाठीत एक डिस्क बसते. तापू नये म्हणून आत एक लहान पंखा फिरतो आणि हवेसाठी वरच्या कडेला जाळी आहे. मुंबईच्या एका जाहिरातवाल्यानं वापरून विकलेला. एका कोपऱ्याला पोचा होता.

"रेकॉर्ड तर कॅमेऱ्यातही होतं ना?" मी विचारलं.

"माहा कॅमेरा अर्ध्या तासानं आपोआप थांबते," कुंदन म्हणाला. "आपल्याकडची मंगलाष्टकं थांबत नाहीत."

तो हे हसून म्हणाला नाही. तो कोणतीच गोष्ट हसून म्हणत नाही.

मॉनिटर आल्यापासून कुंदनचं माणसांबद्दलचं मत पडद्यावर बनू लागलं. अकोल्याजवळ एका बियाण्याच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. मीही गेलो होतो. शेतकऱ्याचं काम करायला पुण्याहून एक नट आला होता. त्याचं धोतर कोरं होतं. दिग्दर्शकानं कुंदनला विचारलं, "शेतकरी खरा वाटतो का?"

पडद्यावर नटाचं कपाळ उन्हानं पांढरंफेक दिसत होतं. कुंदन मॉनिटरमध्ये पाहत म्हणाला, "कपाळ जळून रायलं."

"ते नाही. खरा वाटतो का?"

"कपाळ विझवा. मंग सांगतो."

कपाळाला पावडर लावली. कुंदननं पुन्हा पाहिलं. "आता धोतर जळून रायलं," तो म्हणाला.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. नट समोर हातभर अंतरावर उभा होता, आणि सगळे त्याच्याकडं पाठ करून त्याला मॉनिटरमध्ये पाहत होते. वावराचा मालकही येऊन मागं उभा राहिला. त्यानं स्वतःच्या कपाशीकडं पाठ केली आणि पडद्यावरच्या कपाशीला मान डोलावली. मला हे विचित्र वाटलं. कुंदनला नाही.

कुंदनच्या वडिलांचं नाव उत्तमराव. त्यांना मी बाबाच म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही, हे त्यांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधली गेली, कडेची राहील. म्हणजे समोर उभा असलेला माणूस त्यांना दिसत नाही. बाजूनं काहीतरी हललेलं कळतं. ते माणसं आवाजावरून ओळखू लागले. वावरात जायचे, झेंडूच्या ओळीत हात घालायचे, आणि फुलं किती भरली ते बोटांनी पाहायचे.

एकदा कुंदन बॅटरी तपासायला मॉनिटर घेऊन वावरात बसला होता. कॅमेरा झेंडूकडं लावलेला. बाबा जवळ येऊन बसले. त्यांच्या डोळ्याच्या कडेला काहीतरी पिवळं चमकलं. त्यांनी मान वाकडी केली. कोंबडी दाण्याकडं पाहते तशी. मग नाक पडद्याला लागेस्तोवर पुढं झाले.

"हा झेंडू कोणाचा व्हय?" त्यांनी विचारलं.

"आपला," कुंदन म्हणाला.

"खालून करपून रायला. सांगितलं काऊन नाई कोणी?"

कुंदननं वाकून झेंडूकडं पाहिलं. खालची पानं करपली होती. तो रोज त्याच वावरात होता.

तेव्हापासून मॉनिटर संध्याकाळी बाबांकडं असे. दोन बोटांनी चित्र मोठं करायला ते शिकले. कुंदन कॅमेरा घेऊन फिरायचा आणि बाबा ओट्यावर बसून हुकूम सोडायचे. म्हैस दाखव. विहीर दाखव. कोबीचा गड्डा दाखव, अजून जवळून, मावा पडला वाटते. एकदा त्यांचं बोट भलतीकडं लागलं आणि पडद्यावरचे रंग बदलले. उजेड कमी-जास्त तपासायची ती सोय होती. कुंदनची बहीण रागिणी समोर तांदूळ निवडत बसली होती. ती पिवळी-हिरवी दिसू लागली.

"माणिके," बाबांनी बायकोला हाक मारली, "पोरीले कावीळ झाली."

माणिकबाई धावत आल्या. रागिणीनं त्यांना जीभ काढून दाखवली.

मी गेलो की मलाही कॅमेऱ्यासमोर उभं केलं जाई. "मास्तर, दाढी वाढली," बाबा म्हणत. किंवा, "हाच सदरा मागच्या वेळी होता." मी त्या घरी इस्त्री करून जाऊ लागलो.

मग रागिणीचं लग्न ठरलं. मुलगा मूर्तिजापूरचा, धर्मेंद्र. अकोल्यात कृषी केंद्रात कामाला. शांत मुलगा. कुंदननं त्याला मॉनिटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "स्थिर हाये." हे त्याच्याकडचं मोठं सर्टिफिकेट आहे.

रागिणीनं एकच अट घातली. ती सासरच्यांना नव्हती, कुंदनला होती.

"दादा, अंतरपाट निघताना बाबाले दिसलं पाहिजे. मी हार घालताना दिसली पाहिजे. नाई त मी हार घालत नाई."

"दिसन," कुंदन म्हणाला.

"लाइट गेली त?"

"बॅटरीवर चालते."

"बॅटरी गेली त?"

"दुसरी हाये. तू तुह्यं पाय."

कुंदननं पक्का बंदोबस्त केला. त्याचा जोडीदार श्याम स्टेजजवळ कॅमेरा लावून उभा राहणार. चित्र तारेशिवाय मॉनिटरवर येणार आणि तिथंच रेकॉर्ड होणार. मॉनिटर बाबांच्या मांडीवर, उशीवर उभा. बाजूला कुंदन स्वतः. त्यानं आदल्या दिवशी मंडपात मला नवरी म्हणून उभं करून रंगीत तालीमही घेतली. बाबा म्हणाले, "नवरीले मिशा हायेत, पण दिसून रायलं झकास."

लग्न वैशाखातलं. मुहूर्त दुपारी बाराचा होता. तो वरात पोचायच्या आधीच निघून गेला. आमच्याकडं त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. पहिली पंगत बसली. मग नवरा-नवरी उभे राहिले. मध्ये अंतरपाट धरला. भटजींनी माइक हातात घेतला. बाबा पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसले होते. मान वाकडी, नाक पडद्याजवळ. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. रागिणी स्टेजवरून त्या उजेडाकडं पाहत होती.

पहिल्या मंगलाष्टकाला बाबांच्या मागं दोन पाहुणे वाकून उभे राहिले. दुसऱ्याला दहा-बारा झाले. स्टेजवर मामा, मावश्या, वाजंत्री आणि फोटोवाला अशी गर्दी होती. खालून नवरी दिसत नव्हती. मॉनिटरमध्ये दिसत होती. मग जो तो तिकडंच आला. मोबाइलवाले आले आणि मॉनिटरचा व्हिडिओ काढू लागले. नवऱ्या मुलाचे वडील केशवरावही आले.

"लय क्लियर हाये इवाई," ते आपल्या व्याह्यांना म्हणाले. "स्टेजपेक्षा इथं बरं लागून रायलं लगन."

भटजी म्हणाले, "सावधान."

आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. लग्न ज्या बाजूला दिसतं त्या बाजूला माणूस अक्षता टाकतो. सगळ्यांना लग्न मॉनिटरमध्ये दिसत होतं. सगळ्यांनी मॉनिटरवर टाकल्या. बाबांनीही टाकल्या.

कुंदन दोन्ही हात आडवे धरून म्हणाला, "ओ, ओ, जी." वाजंत्री सुरू होती. कोणाला ऐकू गेलं नाही. पुढचं मंगलाष्टक झालं, पुन्हा मूठ पडली. त्याच्या पुढचं झालं, पुन्हा पडली. आतून कटकट आवाज आला. मग तो आवाजही थांबला. शेवटचं मंगलाष्टक सुरू असताना पडदा काळा झाला.

"लाइट गेली का?" बाबांनी विचारलं.

भटजी म्हणाले, "सावधान." अंतरपाट निघाला. बँड वाजला. फटाके वाजले. स्टेजवर हार पडले. कुंदन बटण दाबत होता. मॉनिटर चटका बसेल इतका तापला होता. बाबा काळ्या पडद्यासमोर मान वाकडी करून बसले होते. मग त्यांनी मान सरळ केली आणि पडद्यावरचे दाणे एकेक करून उचलायला लागले.

बँड थांबला. रागिणीनं भटजींच्या हातातला माइक घेतला.

"बाबा, दिसलं का?"

सगळा मांडव वळला. बाबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "दिसलं बाई," ते म्हणाले. "छान दिसलं."

रागिणीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावर उजेड नव्हता.

"माहा हार कशात अडकला होता?"

बाबांनी मांडीवरचा आणखी एक दाणा उचलला. "खांद्यात."

हार फेट्याच्या तुऱ्यात अडकला होता. तो धर्मेंद्रनं वाकून सोडवला होता. पडदा काळा झाल्यावर स्टेजकडं वळलेल्या अख्ख्या मांडवानं ते टाचा उंचावून पाहिलं होतं.

रागिणी म्हणाली, "पुन्हा लावा."

"काय पुन्हा लावा?" भटजींनी विचारलं.

"लगन."

मी कुंदनकडं पाहिलं. त्यानं खिशातून लहान स्क्रू-ड्रायव्हर काढला होता.

भटजी म्हणाले, लग्न लागलं ते लागलं, दोनदा लागत नसतं. मामा म्हणाले, पोरीच्या अंगात आलं. केशवराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "घातलेला हार काढाचा? इवाई, हे बराबर नाई. आमच्यात असं होत नाई."

"कोणातच होत नाई," बाबा म्हणाले. "बाई, राहू दे. मी हार हातानं पायतो न. इकडं आण."

"हातानं कोबी पायतात बाबा," रागिणी म्हणाली आणि स्टेजवरच्या खुर्चीत बसली. धर्मेंद्रही तिच्या बाजूला बसला. स्थिर.

कुंदननं मॉनिटरची पाठ उघडली. पंख्यात दाणे अडकले होते. त्यानं ते तळहातावर घेतले. गुलाबी रंगवलेली ज्वारी होती.

"आपल्या अक्षता तांदळाच्या हायेत," कुंदन म्हणाला. "तांदूळ जाळीवर आडवा पडते. हे ज्वारी हाये. हे सरळ आत जाते."

ज्वारीच्या अक्षता वरपक्षानं आणल्या होत्या. सगळ्यांनी केशवरावांकडं पाहिलं.

"आमच्यात ज्वारीच्याच असतात," केशवराव म्हणाले. "घरची ज्वारी हाये. अंगठीत बसवावी अशी."

बाबांनी हात पुढं केला. कुंदननं एक दाणा त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो चोळला, नखानं दाबला.

"हायब्रीड," ते म्हणाले.

केशवराव काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात कुंदननं पंखा काढून बाजूला ठेवला, बॅटरी लावली, आणि मॉनिटर सुरू झाला. त्यानं रेकॉर्डिंग पुढं-मागं करून पाहिलं. केशवराव वाकले.

"आलं का सगळं?"

"वरात आली. तुमचा नाच आला. मंगलाष्टकं आली." कुंदननं शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं. दोघं उभे होते आणि मध्ये अंतरपाट होता. "इथं बंद पडला."

"मंग पुढचं?"

"पुढचं नाई."

"श्यामच्या कॅमेऱ्यात?"

"तो अर्ध्या तासानं थांबते. मंगलाष्टकातच थांबला."

"मोबाइलवाल्यांच्यात?"

मोबाइलवाल्यांनी काढलेलं पाहिलं. सगळ्यांच्यात मॉनिटर होता. शेवटी काळा.

केशवराव बराच वेळ अंतरपाटाकडं पाहत राहिले. "म्हंजे व्हिडिओत आमचा पोट्टा बिनलग्नाचा?"

"हो जी," कुंदन म्हणाला.

केशवरावांनी भटजींना बाजूला नेलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर भटजींनी माइकवर सांगितलं की विवाह विधिपूर्वक संपन्न झालेला आहे, आता फक्त चित्रीकरणासाठी शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणण्यात येईल, अक्षता हातातच ठेवाव्या, जो टाकील त्याला बाहेर काढण्यात येईल.

हाराची काळजी नव्हती. झेंडू घरचा होता. माणिकबाईंनी टोपली काढली आणि बायकांनी बसल्या बसल्या नवे हार ओवले. अडचण वेगळीच होती. पंख्याशिवाय मॉनिटर किती वेळ टिकेल ते कुंदनला सांगता येत नव्हतं.

"सारखा वारा लागन," तो म्हणाला. "पण हलक्या हातानं. उशी हलली नाई पाहिजे."

कोणी पुढं आलं नाही. सगळ्यांनी पुन्हा केशवरावांकडं पाहिलं. त्यांची ज्वारी होती. त्यांनी खिशातून लग्नपत्रिका काढली, बाबांच्या शेजारची खुर्ची ओढली, आणि मुलाच्या लग्नात मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या मांडीला वारा घालू लागला. मी मराठीत एम. ए. केलं आहे. असं काही मी वाचलेलं नव्हतं.

कुंदन मॉनिटरच्या बाजूला आपल्या जागी उभा राहिला.

"दादा, तू वर ये," रागिणी माइकवर म्हणाली. "मॉनिटर पाहाले मामंजी हायेत."

"फ्रेम मीच लावली हाये," कुंदन म्हणाला. "तिच्यात माह्यासाठी जागा नाई."

"मामाले सरकव."

मामा सरकले. कुंदन स्टेजवर चढला. सकाळी आईनं बांधलेला पिवळा फेटा त्याच्या डोक्यावर अजून होता. तो बहिणीच्या मागं उभा राहिला. हाताचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. त्यानं आधी ते मागं बांधले, मग पुढं. तो समोर पाहत होता, पण समोर पडदा नव्हता. नुसतीच माणसं होती. त्यानं डोळे बारीक केले.

श्यामनं अंगठा वर केला. अंतरपाट धरला. भटजींनी सुरुवात केली. या खेपेला सगळे मुठी आवळून मॉनिटरमागं उभे होते. बाबांच्या तोंडावर उजेड पडला. केशवराव एका लयीत पत्रिका हलवत होते. मी त्यांच्या मागं उभा होतो.

"नवरी दिसून रायली," बाबा हळूच म्हणाले. "जावई दिसून रायले. मामा दिसून रायला." मग त्यांनी मान अजून वाकडी केली. "हा पिवळ्या फेट्याचा कोण व्हय?"

"कोणता?" केशवरावांनी विचारलं.

"नवरीच्या मागं. तुमच्याकडचा व्हय का?"

केशवरावांचा हात थांबला. "इवाई, तो तुमचा पोरगा व्हय. कुंदन."

 या दोन वर्षांत बाबांना म्हैस दिसली होती, विहीर दिसली होती, रागिणी रोज दिसली होती. माझे सदरे दिसले होते. कॅमेरा सगळीकडं फिरला होता. तो कुंदनच्या हातात होता.

बाबांनी दोन बोटं पडद्यावर ठेवली आणि फाकवली. नवरी बाजूला गेली. जावई गेले. मामा गेला. पडद्यावर फक्त फेटा आणि त्याच्याखालचं तोंड राहिलं. बाबा नाक लावून पाहत राहिले. एक डोळा, मग दुसरा.

भटजी म्हणाले, "सावधान." अंतरपाट निघाला. बँड वाजला. हार पडले. पडद्यावर कुंदनचा कान होता.

केशवरावांनी मान वर करून स्टेजकडं पाहिलं. त्या मांडवात तिकडं पाहणारे त्या क्षणी बहुतेक ते एकटेच होते. मग त्यांनी बाबांकडं पाहिलं आणि पुन्हा वारा घालायला लागले.

बँड थांबला. रागिणीनं माइक घेतला.

"बाबा, आता दिसलं का?"

"दिसलं," बाबा म्हणाले. 

"हार कशात अडकला होता?"

बाबांनी तोंड उघडलं. केशवराव पत्रिका तोंडापुढं धरून पुटपुटले, "कशातच नाई अडकला, इवाई. सरळ पडला."

"कशातच नाई," बाबा मोठ्यानं म्हणाले. "सरळ पडला."

रागिणी हसली. मग ती रडली. बायकांनी तिला जवळ घेतलं. दुसरी पंगत बसायला निघाली. लोकांनी मुठीतल्या अक्षता खिशात घातल्या.

कुंदन खाली आला. तो आधी मॉनिटरकडं गेला. चित्र मोठं केलं तरी रेकॉर्ड पूर्ण होतं. त्यानं तपासलं. अंतरपाट निघाला होता, हार पडले होते, सगळं होतं. त्यानं मान हलवली.

बाबांनी हात पुढं करून त्याचं मनगट धरलं. "लय वाळला रे तू," ते म्हणाले.

"नाई बाबा," कुंदन म्हणाला. "तो तर कॅमेरा हाये. कॅमेऱ्यात माणूस हाये त्याच्यापेक्षा जाडा दिसते."

बाबांनी थोडा विचार केला.

"मंग त लयच वाळला," ते म्हणाले.

 कुंदन त्यांच्या पायाजवळ बसला आणि पंख्याचे स्क्रू बसवायला लागला. एक स्क्रू सापडत नव्हता. केशवराव खुर्चीखाली वाकून तो शोधत होते. मला कुंदननं श्यामकडचा कॅमेरा धरायला दिला. मी तो कुठं धरायचा ते विचारलं नाही. बाबांनीच सांगितलं.

"मास्तर, कुंदनचं जेवण होऊ द्या. तवर कॅमेरा त्याच्यावरच राहू द्या."